पदक कुणी आणून ठेवले?



जनाबाईची कथा आपण कीर्तनात कितीतरी वेळा ऐकली असेल. देव रात्री तिच्याकडे आले, तिच्या जात्याला हात लावला, आणि पहाटे घाईने निघताना आपले पदक तेथेच विसरून तिची वाकळ पांघरून राउळात गेले. सकाळी पुजाऱ्यांना देवाच्या गळ्यात पदक दिसेना. शोधता शोधता ते जनीच्या घरी सापडले. पुढचा निकाल सोपा झाला. पदक जनीकडे, म्हणजे चोर जनीच. चंद्रभागेच्या वाळवंटी सूळ उभा राहिला. त्या सुळाचे पाणी झाले, असे कथा सांगते, आणि तेथे आपण सगळे टाळी वाजवतो.

त्या टाळीच्या आधीचा एक प्रश्न मात्र राहून जातो. देवाच्या अंगावर वाकळ होती, ती सर्वांनी पाहिली. मग एवढ्या जाणत्या माणसांत एकानेही असे का विचारले नाही, की ही वाकळ येथे कशी आली आणि ते पदक तेथे कुणी नेले? वस्तू कुणाकडे सापडली एवढेच पाहिले गेले. ज्या बाईची बाजू घेणारे कुणी नव्हते, तिच्याकडे ती सापडली, म्हणून चौकशी तेथेच संपली.

हाच प्रश्न आज आपल्या गावातल्या शाळेत विचारण्याची वेळ आली आहे. पदकाच्या जागी तेथे मोबाइल आहे, एवढाच फरक.

माउली, एक नववीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. वर्गातल्या एका मुलीने एका मुलाला विश्वासाने आपला एक फोटो पाठवला. घरच्यांना दाखवता येणार नाही असा तो होता. मुलाने तो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. त्या मित्रांनी तो पुढे पाठवला. दोन दिवसांत गावभर चर्चा झाली आणि प्रकरण मुख्याध्यापकांच्या टेबलावर आले. पहिले बोलावणे कुणाच्या घरी जाते? बहुधा मुलीच्या. 'मुलीला सांभाळा, शाळेचे नाव जाते,' असे तिच्या बापाला ऐकवले जाते. बाप खाली मान घालून घरी येतो. मुलीचा मोबाइल जातो, मग शाळा जाते. 'दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू' असे ठरते, आणि तो फॉर्म भरण्याआधीच स्थळे पाहायला सुरुवात होते. मुलाचे काय? दोन थपडा, एक माफीपत्र, चार दिवस घरी. 'वयच तसे आहे,' असे म्हणून मोठी माणसे सुटकेचा श्वास घेतात. ज्या पाच-सहा जणांनी तो फोटो पुढे ढकलला, त्यांची तर कुणी मोजदादही करत नाही.

सगळ्याच शाळांत असे होते असे नाही. नीट चौकशी करणारे, मुलांना मायेने सांभाळणारे गुरुजी आणि बाई आजही आहेत. पण अशी एकही गोष्ट कानावर आली नाही असे म्हणणारा माणूस विरळाच.

आता तराजूचे दुसरे पारडेही पाहू, नाहीतर आपलाही निवाडा एकांगी होईल. तासाला मोबाइल वाजला तर मुलाच्या कानाखाली सर्वांदेखत बसते आणि मुलीला 'पुन्हा आणू नकोस' एवढ्यावर सोडले जाते, असेही होते. एखाद्या अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या बोलण्याची ध्वनिफीत करून मुलींनी ग्रुपवर हसण्याचा खेळ मांडला, तर ती 'पोरींची थट्टा' ठरते. एखाद्या मुलाचाच तसला फोटो पसरला आणि तो रडत आला, तर 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय' असे त्याला ऐकावे लागते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना वाचवण्यासाठी २०१२ साली झालेला पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही बालक म्हणतो, दोघांनाही तेच संरक्षण देतो. कायद्याला जे दिसते ते आपल्याला दिसू नये? मुलीला आपण तिच्या अब्रूवरून तोलतो आणि मुलाला त्याच्या दांडगाईवरून. दोन्हीकडे मूल बाजूला राहते आणि आपला समज तोलला जातो.

यावर कुणी म्हणेल, 'मग सोपे आहे. दोघांना सारखीच शिक्षा द्या. दोघेही सात दिवस घरी.' ऐकायला हे समतेचे वाटते. पण विचार करा. ज्याच्या खिशातून पैसे गेले आणि ज्याने ते काढले, त्या दोघांना सारखाच दंड केला, तर त्याला न्याय म्हणाल का? मुलीने फोटो पाठवला, त्यात अविचार होता. त्याला समजूत हवी, जवळ बसवून सांगणे हवे. मुलाने तो पसरवला, त्यात विश्वासघात होता. त्याला शिक्षा हवी. पुढे पाठवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या दुःखाचा खेळ केला, त्यांनाही जाब हवा. समदृष्टी म्हणजे सगळ्यांच्या पाठीवर एकाच मापाची छडी नव्हे. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: तू काय केलेस, आणि त्याने कुणाला किती लागले? तो मुलगा आहे की मुलगी, पाटलाच्या घरातला की मजुराच्या, हे त्या प्रश्नात कोठेही येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मायेतून येतो. 'मुलीची जात, काचेचे भांडे. एकदा तडा गेला की गेला. म्हणून तिच्यावर बंधन जास्त, तिच्याच भल्यासाठी.' हे म्हणणाऱ्या बापाची भीती खोटी नाही. गावाची जीभ त्याने पाहिलेली असते. तरीही एक पाहा. वारीच्या गर्दीत दागिने चोरणारे शिरतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आपण काय करतो? पोलीस आणि स्वयंसेवक चोरावर नजर ठेवतात, माउलींना दागिने जपायला सांगतात. 'बायांनी वारीला येऊच नये' असे कुणी म्हणत नाही. वाटेवर चोर आहे म्हणून चालणाऱ्याचीच वाट बंद करायची, हा न्याय आपण वारीत मानला नाही. मग शाळेच्या वाटेवर तो का मानावा?

काही ठिकाणी मात्र तोच मानला गेला. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज या गावाने २०१६ साली अविवाहित मुलींना मोबाइल वापरण्यास बंदी केली आणि दंडही ठेवला. मुलांवर तशी बंदी नव्हती. केरळमध्ये एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरू नये, असा नियम झाला. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढले. असे बंधन मुलींच्याच वसतिगृहाला आहे, मुलांच्या नाही, हे तिचे एक म्हणणे होते. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्यास सांगितले आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. मुलीला शिस्त नको असे न्यायालय म्हणाले नाही. शिस्तीच्या नावाखाली तिच्या शिकण्याचा मार्ग अडवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

याउलट आपल्या सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव पाहा. २०२२ मध्ये या गावाने ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. हा भोंगा मुलाला वेगळा आणि मुलीला वेगळा वाजत नाही. तो बापालाही वाजतो आणि आजोबांनाही. नियम सर्वांचा असला की तो मुलांना अन्याय वाटत नाही, आणि घरातले मोठे पाळतात म्हटल्यावर पाळायला जडही जात नाही.

शाळांपुरते बोलायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत काही मार्गदर्शक गोष्टी सांगितल्या. शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी नको, पण वापरावर शिस्त हवी. नियम आईबाप आणि शिक्षक यांच्याशी बोलून ठरवावेत. मोडणाऱ्याला होणारी शिक्षा सर्वांना आधी ठाऊक असावी, ती सर्वांना सारख्या न्यायाने लागू व्हावी आणि फार कठोर नसावी. काही दिवस मोबाइल काढून घेणे, ही शिक्षा चालेल. नियम आधी, चूक नंतर, मग शिक्षा, हा क्रम महत्त्वाचा आहे. चूक झाल्यावर, समोर कोण उभे आहे ते पाहून नियम ठरवला, की पारडे झुकलेच.

कायद्याच्या आणखी दोन-तीन गोष्टी आपल्या गाठीशी असाव्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला किंवा मुलीला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि मारणे किंवा मानसिक छळ करणे यालाही मनाई आहे. नववीत गेल्यावर या कायद्याचा आधार सुटतो, आणि नेमके त्याच वयात हाती मोबाइल येतो. म्हणून नववी-दहावीच्या मुलांविषयी आपण अधिक जागे राहायला हवे. दुसरी गोष्ट, प्रकरण लैंगिक स्वरूपाचे असेल तर ते शाळेतच मिटवून टाकणे हा पोक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे. पोलिसांना कळवावेच लागते. तिसरी, बालकाने गुन्हा केला तरी त्याला सुधारून नवी सुरुवात करू द्यावी, आणि त्याचे नाव उघड करू नये, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. म्हणजे त्या चुकलेल्या मुलाचेही आयुष्य जाळून टाकायचे नाही. त्याला केलेल्या कृत्यासमोर उभे करायचे, कुणाकुणाला पाठवले ते लिहून घ्यायचे, त्याच्या आईबापाला बोलवायचे, ठरलेली शिक्षा भोगू द्यायची आणि मग पुन्हा बाकावर बसवायचे. त्या मुलीचा बाक मात्र एक दिवसही रिकामा पडता कामा नये.

हे सगळे करायचे कसे, ते शिकायला आपल्याला दूर जावे लागत नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यात तळावर समाज आरती होते. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवतच राहते. तिला कुणी 'गप्प बसा' म्हणत नाही. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार विचारतात, ऐकून घेतात, आणि तिचा निवाडा होतो. दिंडी कितव्या नंबरची, मोठी की लहान, हे पाहिले जात नाही. सगळा समाज शांत आणि ज्याला दुखले आहे त्याचाच आवाज ऐकू यावा, यापेक्षा सुंदर न्यायसभा कोणती?

आपल्या शाळेत याच्या उलट होते. सगळे गाव बोलत असते आणि जिला दुखले ती एकटी गप्प असते. तिच्याशी बोलायचे ते मात्र चारचौघांत नको. समाज आरतीला सापडलेल्या वस्तूचा पुकारा होतो, कुणाच्या लाजेचा होत नाही. प्रार्थनेच्या रांगेत उभे करून नाव घेणे, मोबाइल उघडून शिक्षकांनी एकमेकांना दाखवणे, हेही त्या पुढे पाठवण्याच्या पापातलेच आहे. एखाद्या बाईंनी मुलीजवळ एकांतात बसावे, एखाद्या सरांनी मुलाजवळ बसावे, आणि दोघांचे पूर्ण ऐकल्याशिवाय कागदावर काही लिहू नये.

माउली, तुमच्यापैकी कुणी शाळा व्यवस्थापन समितीत असेल. तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या स्त्रियांच्या असाव्यात, असे कायदाच सांगतो. कुणी आजोबा असतील, ज्यांचा शब्द घरात अजून मोडला जात नाही. कुणी कीर्तनकार असतील, ज्यांच्या एका दृष्टांताने गावाचे मन वळते. असे प्रकरण आपल्या गावात आले, तर सभेत फक्त तीन गोष्टी विचारा. हे पुढे कुणी कुणी पाठवले? नुकसान कुणाचे झाले? आणि आपण जी शिक्षा सांगतो आहोत, ती मुलीच्या जागी मुलगा आणि मुलाच्या जागी मुलगी असती, तरी हीच सांगितली असती का? तिसऱ्या प्रश्नाला सभा गप्प झाली, तर निकाल त्या दिवशी लिहू नका.

सुळाचे पाणी करणे देवाच्या हाती होते, त्याने ते केले. सूळ उभारायला हात न लावणे आपल्या हाती आहे. जनीच्या वेळी गावाला ते जमले नाही. आपल्या गावातल्या मुलीची पाळी आली, तर तिच्या दारात पदक पाहणाऱ्यांच्या गर्दीत निदान एक तुळशीमाळ घातलेला माणूस असावा, जो पुढे येऊन विचारेल: हे येथे आणून कुणी ठेवले?

राम कृष्ण हरी.