लाकडातली वर्षे

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गास्कनी नावाचा मुलूख आहे. तिथल्या आर्मान्याक या ब्रँडीच्या बाटलीवर पुष्कळदा द्राक्षांच्या हंगामाचा सन छापलेला असतो. १९६५ असे दिसले की घेणारा चटकन वजाबाकी करतो आणि बाटलीचे वय साठच्या घरात आहे असे धरून चालतो. ही वजाबाकी फसवी आहे. वाइन बाटलीतही बदलत राहते. ब्रँडी मुरते ती लाकडी पिंपात, आणि काचेत गेली की तिचे मुरणे संपते. १९६५ची ब्रँडी १९८५ साली पिंपातून काढली तर ती कायमची वीस वर्षांची राहते, २०१५ साली काढली तर पन्नास वर्षांची. शेत एक, सन एक, तरी चवीला दोन निराळ्या वस्तू. जुन्या ब्रँडीची प्रत ठरते ती मुख्यतः तिला लाकडातून कधी बाहेर काढले यावर. हा निर्णय लेबलावर दिसला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या निर्णयाला एवढे वजन का, हे कळण्यासाठी पिंपात काय घडते ते पाहावे लागते. उन्यी ब्लाँ, फोल ब्लाँश, बाको या द्राक्षांची आंबट, पातळ वाइन हिवाळ्यात तांब्याच्या भट्टीत गाळतात. उत्तरेकडच्या कोन्याकमध्ये ती दोनदा गाळतात आणि मद्यार्क ७० टक्क्यांच्या आसपास नेतात. आर्मान्याक बहुतांशी एकदाच गाळली जाते आणि साधारण ५२ ते ६० टक्क्यांवर उतरते. त्यामुळे वाइनमधले जड घटक तिच्यात जास्त उरतात. ते तरुणपणी घशाला बोचतात, पण पुढे मुरायला सामग्रीही तेच पुरवतात. सुमारे चारशे लिटरच्या नव्या ओक पिंपात ती आधी लाकडाचा रंग आणि तुरटपणा घेते. लाकूड वरचढ होण्याआधी तिला जुन्या पिंपात हलवतात. दरवर्षी दोन-तीन टक्के तरी हवेत उडून जाते. कोठार दमट असेल तर मद्यार्क अधिक उडतो, कोरडे असेल तर पाणी. म्हणजे शेजारी-शेजारी राहणारे दोन उत्पादकसुद्धा एकाच वयाची ब्रँडी सारखी करू शकत नाहीत.

दीर्घकाळ मुरलेल्या ब्रँडीच्या ज्या गंधाला फ्रेंच लोक ‘रांसियो’ म्हणतात, त्या शब्दाचे मूळ खवटपणाशी जोडलेले आहे, आणि रसायनशास्त्रही त्याला दुजोरा देते. ब्रँडीतली मेदाम्ले हळूहळू ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि त्यांतून मिथाइल कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात. निळ्या बुरशीच्या चीजला वास देणारी द्रव्ये याच कुळातली आणि खवट खोबऱ्याचीही. खोबऱ्यात ती आपण दोष मानतो. ब्रँडीत अक्रोड, अळंबी, जुने चामडे अशा गंधांच्या सोबतीने ती थोड्या प्रमाणात आली की पिणारा थांबून विचार करू लागतो. दोष आणि गुण यांच्यात इथे अंतर फक्त प्रमाणाचे आहे. ते प्रमाण साधले की आर्मान्याकचे जाणते उत्पादक ब्रँडी मोठ्या काचेच्या कुप्यांत भरून ठेवतात. चाळीस-पन्नास वर्षांनंतर लाकडाकडून मिळण्यापेक्षा जाण्याचीच शक्यता अधिक असते: तुरटपणा कडवट होतो, फळाचा अंश मावळतो. आपल्याकडे लोणचेही मुरते आणि माणूसही मुरतो, पण मुरण्याला शेवट असतो हे लोणच्याच्या बरणीजवळ जितके सहज पटते तितके महागड्या बाटलीजवळ पटत नाही.

मग सन निरर्थक का? तसे नाही. गाळताना हवामानाचा पुष्कळ ठसा पुसला जातो, त्यामुळे वाइनमधल्याइतका सन इथे बोलका नसतो, हे मान्यच. कोन्याकची नामवंत घराणी अनेक वर्षांच्या ब्रँड्या मिसळतात, एकीचे उणे दुसरीने भरून काढतात. ती कलाही खरी आणि अवघड आहे. पण सन छापणारा उत्पादक स्वतःला बांधून घेतो: एकाच हंगामाची ब्रँडी, आर्मान्याकमध्ये किमान दहा वर्षे मुरलेली, दुसऱ्या हंगामाची भर नाही. हे वचन तपासताही येते. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढवला, वेलींनी तो शोषला. एकोणिसाव्या शतकाचा दावा सांगणाऱ्या बाटलीत तो वाढीव कार्बन आढळला तर तिचा खोटेपणा उघडा पडतो. सनाची किंमत मी या उत्तरदायित्वात पाहतो.

याहून गंभीर आक्षेप असा की ही सारी लेबलाची मोहिनी आहे, जीभ ऐकलेलेच चाखते. रंगाबाबत तो पूर्ण खरा आहे. कॅरामल घालून गडदपणा आणता येतो, म्हणून रंगावरून वय ताडणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण पिंपाने दिलेला गंध लेबल झाकूनही पारखता येतो, आणि रिकाम्या पेल्यात तो दीर्घकाळ रेंगाळतो. त्यासाठी तोंडाकडे निमुळता होणारा लहान पेला पुरे. मोठा गोल पेला तळहाताने तापवला की मद्यार्काची वाफच आधी नाकाशी येते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: पन्नास वर्षे मुरल्याने मद्यार्काचा अपाय रतीभरही कमी होत नाही. १३१० साली व्हिताल द्यु फूर या फ्रान्सिस्कन विद्वानाने या द्रवाचे चाळीस गुण सांगितले होते, आणि आपल्याकडेही सर्दी-पडशाला चमचाभर ब्रँडी देण्याची चाल आहे. औषध म्हणून तो दावा सोडून द्यावा. आस्वादासाठी दोन-तीन चमचे तासभर पुरतात. त्याहून जास्त घेतले की नाकच बधिरते.

पुष्कळ बाटल्यांच्या मागच्या बाजूला बाटली भरल्याचा दिनांक असतो. तो उपयोगी आहे, पण अपुरा, कारण ब्रँडी बाटलीत जाण्याआधी वीस-तीस वर्षे काचेच्या कुपीत थांबलेली असू शकते. उत्पादक म्हणतील, एकाच सनाची ब्रँडी कधी काही पिंपांत, काही कुप्यांत अशी विखुरलेली असते, मग कोणता दिनांक छापायचा? तर त्या बाटलीत जी आहे तिचा. वयाचे वर्ग कायद्याने ठरलेले असल्यामुळे पिंपातल्या वर्षांची नोंद कोठारात ठेवावीच लागते. हंगामाचा सन आणि भरल्याचा दिनांक यांच्यामध्ये ती नोंद छापायला लेबलावर एक ओळ लागते.