पाळीखालचे शेत

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीच्या शिवारात जमीन इतकी मंद उतरते की तो उतार डोळ्यांना जाणवत नाही, पाण्यालाच जाणवतो. आणि पाण्याची ही जाण आपलीशी करून, आधुनिक उपकरणांवाचून, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळात भंडाऱ्याला तलावांचा मुलूख केले. प्रकल्पांचे व्यवस्थापन हे माझे नित्याचे काम असल्यामुळे की काय, त्या जलाशयांत मला शोभेआधी एका अनाम संयोजकाची बुद्धी दिसते. त्याच्या वाट्याला काय होते? वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण जवळजवळ सारा चार महिन्यांत. मातीकामाला कोरडे असे मोजके महिने. माणसांचे हात आणि बैलांचे खांदे. आणि लोंबी भरताना पाणी चुकले तर वर्ष बुडवणारे धान. यातले काहीच त्याला बदलता येण्याजोगे नव्हते, म्हणूनच कदाचित त्याची प्रतिभा तक्रारीत खर्ची पडली नाही.

तीन बाजूंनी जमिनीचाच उंचवटा घ्यायचा आणि पाळ, म्हणजे मातीचा बांध, चौथ्या बाजूलाच घालायची, ही पहिली काटकसर. पण मला अधिक मोह पडतो तो तुडुमाचा, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याच्या दाराचा. एकाखाली एक भोके, प्रत्येकात लाकडी खुंटी. पातळी उतरत जाईल तसतशी वरून एकेक खुंटी काढायची. त्यामुळे वरच्या थराचेच पाणी, कमी दाबाने, पाटात उतरते, आणि जे दार एकदम उघडले तर पाळीला घातक ठरले असते ते एका माणसाच्या मुठीत राहते. पाळीच्या टोकाला सलंग, म्हणजे सांडवा. किती पाणी आपले नाही, हे बांधणाऱ्याने जिथे आधीच ठरवून ठेवले ती जागा. तिथून सांडलेले पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाते. आपल्या मर्यादेपलीकडचे ते दुसऱ्याचे भांडवल, हा विचार मला कोणत्याही आराखड्यात इतक्या स्पष्टपणे रेखलेला आढळलेला नाही.

नवेगावबांधचा तलाव बांधणारा कोलू पाटील लोकश्रद्धेत कोलासूर देव झाला. त्या श्रद्धेतले सत्य मला असे वाटते की बांधणारा काम सोपवून निघून गेला नव्हता. त्याचे शेत पाळीखालीच असणार. चूक झाली असती तर प्रथम त्याचेच धान वाहून गेले असते. आम्ही प्रकल्पवाले मुदतीला हस्तांतर करतो आणि पुढच्या कामाकडे वळतो. पाळीखाली शेत असण्याचे बंधन आमच्यावर नसते, आणि या उणिवेची खंत मला फार वाटते. पुढे तलावांवरूनही ते बंधन उठले: 1951 साली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची व्यवस्था, संपली. ती जाणे न्याय्यच होते, पण गावाचा तलाव ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, होऊन सरकारी नोंदवहीत गेला आणि पाळीवरची माती कोणी घालायची हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

अलीकडे तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या स्त्रीपुरुषांबरोबर काही तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. तिथे तलावात माजलेली बेशरमाची झुडपे हाताने उपटावी लागतात, मग उथळ पाण्यात देशी पाणवनस्पती एकेक करून लावाव्या लागतात, कारण तिथेच माशांना अन्न आणि आसरा मिळतो. लावणीची वेळ पाण्याची पातळी ठरवते, आणि कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याला कोणता मासा येतो हे त्या ढिवरांनाच ठाऊक असते.