ताऱ्याचे बारसे

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत आपल्या भाषेने एका मात्रेचेच अंतर राखले आहे. आकाशातले एक बारसे पाहिले, की हे अंतर किती जपावे लागते ते उमगते.

ज्यांचे तेज कमीअधिक होते ते रूपविकारी तारे. १९२९ साली कुनो होफमाइस्टर या जर्मन ज्योतिर्विदाला सरठ तारकासमूहात असाच एक अंधुक, चंचल बिंदू आढळला. रिवाजाप्रमाणे दोन रोमन अक्षरे आणि समूहाचे लॅटिन नाव मिळून तो ‘बी. एल. लॅसर्टी’ झाला. पुढे १९६८ साली एका रेडिओ-उगमाचा माग काढता काढता संशोधक याच बिंदूपाशी येऊन पोचले. मग हळूहळू कळले, की हा तारा नव्हेच! ही सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेची धगधगती नाभी. तरी ताऱ्याचे नाव तिला आजही आहे. तिच्या साऱ्या जातीचे तेच कुलनाम झाले आहे.

चुकीचे नाव पुसून का टाकले नाही? पुसले असते, तर जुन्या नोंदींशी जोडणारा धागा तुटला असता. ज्योतिर्विदांनी नाव राखले, त्यामागचा समज तेवढा सोडला.

माणसांच्या बाबतीत आपण हे करतो का? सातव्या वर्षी ‘ढ’ ठरलेला मुलगा पंचविशीत दिवाळीला घरी येतो, तेव्हाही काकामामांच्या लेखी तो ‘ढ’च असतो. नाव ठेवण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना आहे खरा. पण पुन्हा एकदा नीट पाहण्याचे कर्तव्यही त्याच अधिकाराबरोबर येते.