तुपाची वाटी

रस्त्यावरून सोडवून आणलेल्या कुत्र्यांच्या मेळाव्यात जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये दोन फोटो असतात. पहिला, कुत्रा सापडला त्या दिवशीचा: मोजता येतील अशा बरगड्या, खरजेचे चट्टे, पोटाखाली दडवलेली शेपूट. दुसरा आत्ताचा: तुकतुकीत अंग, सोफ्यावर ऐसपैस ताणून दिलेली. ‘ओळखूच येत नाही हो!’ कुणी म्हणतं आणि दाखवणाऱ्याचे डोळे भरून येतात. त्या आनंदावर त्याचा पुरेपूर हक्क आहे. पण दुसऱ्या फोटोतल्या कुत्र्याची कंबर नाहीशी झाली आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. ते बोलायला या मेळाव्यासारखी दुसरी जागा नाही, असं मला वाटतं.

आपल्याकडे मुक्या जिवावरची माया खाऊ घालण्यातून व्यक्त होते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकलेले असतात. खंडोबाबरोबर कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. त्याच संस्कारातून आज मुंबई-पुण्यात कितीतरी माणसं रात्री चिकन-भाताचे डबे घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. मात्र नामदेवांच्या गोष्टीतला कुत्रा पोटासाठी वणवण करणारा होता. घरात आलेला इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, दिवसातून दोनदा खाली फिरून येतो आणि उरलेला वेळ पंख्याखाली झोपतो. त्याची नसबंदी झालेली असते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्यानंतर शरीराची गरज घटते आणि भूक वाढते, हे घरच्यांना कुणी नीट समजावून सांगत नाही.

पंधरा किलोच्या अशा कुत्र्याला दिवसाला साधारण 750 ते 850 कॅलरी पुरतात. वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे तीन-चार ग्लुकोज बिस्किटांत दिवसाचा खाऊ संपला. सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी दोन दिली, शाळेतून आलेल्या नातीने दोन दिली, जेवताना आजींनी पोळीचा तुकडा सरकवला. प्रत्येकाने थोडंसंच दिलेलं असतं. लॅब्रॅडॉरचं तर आणखी अवघड. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकात बिघाड असतो. त्याची केविलवाणी नजर खरी असते, पण पोट रिकामं असल्याचा तो पुरावा नव्हे.

या ‘थोडंसं’ची किंमत किती, हे अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासातून कळलं. त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न जन्मभर दिलं गेलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान 13 वर्षं भरलं, दुसऱ्यांचं 11.2. कमी खाणाऱ्यांच्या सांध्यांची दुखणीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात जवळजवळ दोन वर्षं म्हणजे केवढा काळ! शिवाय कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो; आपल्या मे महिन्यात जाड कुत्र्याचे हाल होतात.

खरं तर मोजून घालण्याचं शहाणपण कुत्री सोडवून आणणाऱ्या मंडळींना नव्याने शिकवायला नको. फार दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घातलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून तो दगावू शकतो, हे प्रत्येक अनुभवी कार्यकर्त्याला ठाऊक असतं. समोर भुकेने थरथरणारा जीव असतानाही तो थोडं थोडंच भरवतो. त्या दिवशी त्याला कुणी निर्दय म्हणत नाही. मग दोन वर्षांनी ताट आवरतं घेतलं तर त्यात निर्दयपणा कसला?

मेळाव्यात हे सांगणं सोपं जातं, कारण तिथे सांगणाराही त्याच मायेचा असतो. पशुवैद्याचं बोलणं कधी रागावल्यासारखं वाटतं, शेजाऱ्याचं खोचक. पण ज्या बाईने त्या पिल्लाला गटारातून उचललं, बाटलीने दूध पाजलं, तीच जेव्हा जमिनीवर बसते, दोन्ही तळवे त्याच्या कुशीवर ठेवते आणि बोटं हळूच फिरवत म्हणते, ‘अगं, बरगड्या लागतच नाहीत हाताला,’ तेव्हा ऐकावंच लागतं. परीक्षा साधी आहे. आपल्या हाताचा पंजा सरळ धरून पंजाच्याच पाठीवरून बोट फिरवलं की हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. तळव्यासारखं मऊ लागलं तर वजन जास्त. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसावी.

म्हणून मेळावे भरवणाऱ्यांना एकच विनंती. केक आणि खाऊच्या टेबलाशेजारी एक वजनकाटा ठेवा. दत्तक देतानाच्या कागदांवर कुत्र्याचं त्याला साजेसं वजन लिहून द्या आणि पुढच्या भेटीत ते तपासा. वाढलेलं आढळलं तर घरच्यांना आधी पशुवैद्याकडे पाठवा, कारण कधी थायरॉइडचा दोषही असतो. आणि खाऊ आणायचाच असेल, तर गाजराचे तुकडे आणा. बरीचशी कुत्री ते आवडीने खातात.