टिपणवही कशासाठी?

विचारी जगण्याची साधने कोणती असे विचारले, तर चांगली वही, निवडक पुस्तके आणि रोज लिहिण्याची सवय ही उत्तरे लगेच येतात. पण वही भरली म्हणजे विचार झाला असे नव्हे. अमेरिकेत विचारी जगण्याची कल्पना कशी घडत गेली ते पाहिले की माझ्या मते एक गोष्ट उघड होते: टिपण्यापेक्षा टिपलेले पुन्हा तपासणे मोलाचे. बेंजामिन फ्रँकलिनने सद्गुणांची छोटी वही केली होती. दर गुणाला एक पान, सात वारांचे रकाने, चूक झाली की काळा ठिपका. तेरा गुण, दर आठवड्याला एकावर भर, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. हिशेब चोख होता, पण मोजपट्टी आधीच ठरलेली होती. तेरावा गुण, नम्रता, यादीत आला तो एका क्वेकर मित्राने गर्व दाखवून दिल्यावर. आपली यादीच अपुरी आहे, हे ठिपक्यांनी त्याला सांगितले नव्हते.

पुढच्या शतकात निबंधकार इमर्सनने रोजनिशीला वेगळे काम दिले. तो आपल्या वह्यांच्या तपशीलवार सूची करी आणि त्यांतून व्याख्याने, मग निबंध उभे करी. त्याचा तरुण मित्र थोरोने 1837 मध्ये रोजनिशी सुरू केली. तिच्यातली सामग्री घेऊन ‘वॉल्डन’चे सात खर्डे झाले आणि पुस्तक 1854 मध्ये आले. आता वही केवळ वर्तनाची नोंद राहिली नाही. कालच्या वाक्याला आजचा लेखक जाब विचारू लागला.

हा जाब समाजालाही विचारता येतो, हे कोलंबिया विद्यापीठात 1913 मध्ये दाखल झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवले. 9 मे 1916 रोजी वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि कॉर्नेलमध्ये शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून पारखल्या. अडचण जाणवल्याशिवाय विचार सुरू होत नाही, असे आंबेडकरांचे गुरू, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई मानत. त्याच ड्यूईंकडे आंबेडकर 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये परतले. वारशातले काय राखावे आणि काय टाकावे हा ड्यूईंनी शिक्षणाच्या संदर्भात मांडलेला विचार त्यांनी थेट हिंदू समाजाला लावला. वाचलेले वीस वर्षांनी नव्या प्रश्नासमोर उभे करणे, ही खरी उजळणी.

हे सारे फुरसत असलेल्यांचे चोचले आहेत, असा आक्षेप येईल. पण फ्रँकलिनची शाळा दहाव्या वर्षी सुटली होती, आणि आंबेडकरांच्या वाट्याला आलेली कोलंबियातली तीन वर्षे बडोद्याच्या शिष्यवृत्तीने बांधलेली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शोधण्याचे काम यंत्र करत असताना सूची कशाला? 1945 मध्ये अमेरिकन अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राची मांडणी केली, तीही माहितीच्या ढिगात वाट सापडावी म्हणूनच. आज शोध क्षणात लागतो, आणि तो लाभ नाकारण्यात शहाणपण नाही. मात्र बुश यांच्या कल्पनेतही एका नोंदीला दुसरीशी जोडणारा वाचकच होता. इमर्सनला सूची करताना जुनी पाने पुन्हा वाचावी लागत. ते वाचणे हाच विचार होता. म्हणून साधन निवडताना मी एकच कसोटी लावते: ते मला माझ्या जुन्या मतापाशी परत नेते का, आणि ते मत बदलायला जागा ठेवते का? कागद असो वा पडदा, याचे उत्तर नाही असेल तर ते साधन फक्त साठा वाढवते.