कोच काय बघतो?

नावापुढे अक्षरं लावायची आपली हौस जुनी आहे. 'बी.ए., बी.टी.' कोरलेली संगमरवरी पाटी पुण्या-सांगलीतल्या एखाद्या जुन्या फाटकावर अजून दिसते. आता पाट्या लिंक्डइनवर गेल्या आणि अक्षरं झाली एसीसी, पीसीसी, एमसीसी. ही अक्षरं लावणारी मंडळी बहुधा एचआरमध्ये, बँकेत नाहीतर आयटीत पंधरा-वीस वर्षं काढून बाहेर पडलेली असतात. आता ती 'एक्झिक्युटिव्ह कोच' किंवा 'लाइफ कोच' आहेत. सीईटीचे क्लास घेणाऱ्यांशी त्यांचा काही संबंध नाही. ती शिकवत नाहीत आणि सल्लाही देत नाहीत, निदान त्यांचं म्हणणं तसं आहे. समोरच्या माणसाबरोबर तासभर बसतात, बहुतेक वेळ प्रश्न विचारतात आणि त्याचे पैसे घेतात. घरातली वडीलधारी मंडळी अजून विचारतात, "ते सगळं ठीक आहे, पण तू नक्की करतोस काय?"

प्रश्न वाजवी आहे, आणि तो आता लाखभर लोकांना लागू पडतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी संघटना. तिच्या २०१६च्या पाहणीत जगभरातल्या कोचचा अंदाज ५३,३०० होता, २०२०च्या पाहणीत ७१,००० आणि २०२३च्या पाहणीत १,०९,२००. २०२३च्या त्या पाहणीनुसार धंद्याची वार्षिक उलाढाल ४५६ कोटी डॉलर होती. संघटनेनंच आपल्या क्षेत्राची केलेली ही मोजणी आहे, तेव्हा थोडं मीठ चवीपुरतं घालून घ्यावं. पण आलेख चढता आहे यात शंका नाही.

संख्येबरोबर दर्जाही वाढला, असं या क्षेत्रातले लोक अभिमानानं सांगतात. तो अभिमान पोकळ नाही. आयसीएफच्या एसीसी या पहिल्या पायरीसाठी ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं. पीसीसीला प्रशिक्षण १२५ तास आणि अनुभव ५०० तास. एमसीसीला २०० आणि २,५०० तास. वर अनुभवी कोचकडून स्वतःच्या कोचिंगवर किमान दहा तासांचं मार्गदर्शन घ्यायचं, लेखी परीक्षा द्यायची, आचारसंहितेला बांधून घ्यायचं, आणि दर तीन वर्षांनी आपण शिकत राहिलो याचा पुरावा देऊन प्रमाणपत्राचं नूतनीकरण करायचं.

यातला मला सर्वांत लक्षवेधी वाटतो तो ध्वनिमुद्रणाचा भाग. पीसीसीच्या उमेदवाराचं खऱ्याखुऱ्या अशिलाबरोबरचं संभाषण रेकॉर्ड केलं जातं, २० ते ६० मिनिटांचं. त्याचा शब्दशः उतारा जोडायचा. तपासणारा ते ऐकतो आणि ठरलेल्या खुणा शोधतो: प्रश्न एका वेळी एकच होता का, तो मोकळा होता का, समोरच्याला विचार करायला उसंत मिळाली का, जास्त बोललं कोण. "तुम्हाला नाही का वाटत, एकदा साहेबांशी थेट बोलून टाकावं?" हे वाक्य आपल्याला प्रश्न वाटतं. तपासणाऱ्याच्या कानाला तो प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला असतो, आणि उमेदवाराची बाजू तिथे पडते. आपल्याकडे किती व्यवसायांत माणसाचं प्रत्यक्ष काम असं वाक्यागणिक तपासलं जातं? प्राध्यापकाचं नाही, वकिलाचं नाही, डॉक्टरचं तर नाहीच.

हे सगळं अर्थात ऐच्छिक आहे. गंमत बघा, जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, भ्रामक आश्वासनं नकोत. लाइफ कोचसाठी असं काहीही नाही. उद्या सकाळी तुम्ही-मी पाटी लावू शकतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात जोडी हिल्डेब्रँट नावाच्या बाईंकडे समुपदेशकाचा परवाना होता आणि 'लाइफ कोचिंग'चा धंदाही होता. व्यवसायातल्या भागीदारणीच्या मुलांच्या छळाबद्दल फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. समुपदेशकाचा परवाना सरकार काढून घेऊ शकतं. कोच हे बिरुद कुणी दिलेलंच नसतं, मग काढून कोण घेणार?

हा टोकाचा गुन्हा झाला. रोजची अडचण याहून साधी आणि जास्त पसरलेली आहे. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'नं २००९मध्ये १४० कोचची पाहणी प्रसिद्ध केली. वैयक्तिक प्रश्नांसाठी नेमलेले कोच होते अवघे ३ टक्के, पण वैयक्तिक प्रश्नांत मदत करावी लागली असं सांगणारे होते ७६ टक्के. नेतृत्वगुणांपासून सुरू झालेलं बोलणं घरातल्या भांडणापर्यंत आणि झोपेच्या गोळ्यांपर्यंत जाणारच. तिथे थांबून "हे मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं" असं म्हणता येणं, हे साठ तासांत शिकवता येतं का याबद्दल मी साशंक आहे.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

टिमोथी गॅलवे हा हार्वर्डच्या टेनिस संघाचा माजी कप्तान. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियात टेनिस शिकवायचा. त्याच्या लक्षात आलं, की आपण जितक्या सूचना देतो तितका शिकणारा आखडतो. मनगट असं, खांदा तसा, पाय पुढे. आणि चेंडू जाळीत. मग त्यानं सूचना बंद केल्या. चेंडू टप्पा घेईल तेव्हा 'बाउन्स' म्हण, रॅकेटला लागेल तेव्हा 'हिट' म्हण, एवढंच सांगितलं. डोकं त्या दोन शब्दांत गुंतलं, नजर चेंडूवर राहिली आणि फटका आपोआप सुधारू लागला. 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे त्याचं पुस्तक १९७४चं. ते टेनिस न खेळणाऱ्यांनीच जास्त वाचलं असावं. सर जॉन व्हिटमोर हे ब्रिटिश मोटार शर्यतपटू, १९६५चे युरोपियन टूरिंग कार विजेते. त्यांनी गॅलवेची पद्धत ब्रिटनमध्ये नेली, आधी टेनिस आणि स्कीइंगमध्ये, मग कंपन्यांमध्ये. त्यांचं 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' १९९२मध्ये आलं. ध्येय काय, सद्यःस्थिती काय, पर्याय कोणते, करणार काय, ही 'ग्रो' नावाची चौकट आज कोचिंगच्या कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. अमेरिकेत थॉमस लिओनार्ड या आर्थिक सल्लागारानं १९९२मध्ये कोच युनिव्हर्सिटी काढली आणि १९९५मध्ये आयसीएफ.

या प्रवासात एक गोष्ट हातातून निसटली. मैदानावर चेंडू दोघांनाही दिसत होता. शिकणारा कितीही म्हणाला, "मी अगदी बरोबर मारला," तरी चेंडू कुठे पडला ते गॅलवेच्या डोळ्यांसमोर होतं. कंपनीतल्या बंद खोलीत, आणि आता झूमवर, कोचसमोर चेंडू नसतो. असते ती चेंडूबद्दलची हकीकत, आणि तीही ज्यानं मारला त्याच्याच तोंडून. प्रश्न कितीही मोकळा असला, तरी माणूस स्वतःला जे दिसलं तेच सांगणार. जे त्याला दिसतच नाही, त्याचं काय?

डॉ. अतुल गावंडे यांनी २०११मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलेला लेख नेमका इथे बोट ठेवतो. त्यांचे वडील महाराष्ट्रातल्या उटी या खेड्यातून अमेरिकेत गेले; मुलगा बॉस्टनमध्ये नावाजलेला शल्यविशारद झाला. आठ वर्षं शस्त्रक्रिया केल्यावर त्यांना वाटू लागलं, की आपली प्रगती थांबली आहे. त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना विचारलं, शस्त्रक्रियागृहात येऊन नुसतं बघाल का? ऑस्टीन आले, एका कोपऱ्यात वही घेऊन उभे राहिले. थायरॉइडची शस्त्रक्रिया होती, नीट पार पडली. गावंडेंना वाटलं, आज सांगण्यासारखं काही सापडणार नाही. ऑस्टीनच्या वहीचं पान भरलं होतं. रुग्णाला झाकण्याची मांडणी सर्जनला सोयीची होती, पण समोरच्या सहायकाला अडचणीची. कोपर मधूनमधून खांद्याच्या उंचीला जात होतं. तसं झालं की हातातली अचूकता जाते. आणि वरचा दिवा जखमेवरून सरकला होता. जवळजवळ अर्धा तास गावंडे इकडून तिकडून परावर्तित झालेल्या उजेडात काम करत होते, आणि त्यांना पत्ता नव्हता.

हेच गावंडे एखाद्या प्रमाणित कोचसमोर बसले असते तर? "आदर्श शस्त्रक्रिया तुमच्या दृष्टीनं कशी असते?" "तुम्हाला काय अडवतं आहे?" उत्तरं विचारपूर्वक आली असती, रेकॉर्डिंग पीसीसीच्या कसोटीला उतरलं असतं. दिव्याचा विषय मात्र निघाला नसता.

म्हणून ध्वनिमुद्रणाची ती अट मला इतकी बोलकी वाटते. कोचचं स्वतःचं वर्णन पुरेसं नाही, त्याचं काम प्रत्यक्ष ऐकायला हवं, हे या व्यवसायाला पक्कं ठाऊक आहे. आपल्या माणसांच्या बाबतीत तो हे कसोशीनं पाळतो. अशिलाच्या बाबतीत मात्र अशिलाच्या शब्दावर भागवतो. आठ मूलभूत क्षमतांच्या यादीत ऐकणं आहे, उपस्थिती आहे, विश्वास आहे. अशिलाला त्याच्या कामाच्या जागी जाऊन बघणं नाही.

यावर कोच मंडळींचं एक सबळ उत्तर असतं. व्यवस्थापकाचं काम म्हणजे टेनिस नव्हे. त्याचं काम मुळात बोलण्यातच घडतं. या विचारामागे फर्नांडो फ्लोरेस हा विलक्षण माणूस आहे. चिलीत आयेंदे सरकारात अर्थमंत्री, १९७३च्या लष्करी उठावानंतर तीन वर्षं तुरुंगात, मग कॅलिफोर्नियात डॉक्टरेट. संस्था म्हणजे विनंत्या आणि वचनं यांचं जाळं, असं त्यानं मांडलं आणि कोचिंगची एक अख्खी शाखा त्यातून निघाली. मला हे पटतं. पण मग ते बोलणं तरी ऐकायला जा! सोमवारच्या आढावा बैठकीत हा माणूस कुणाला मध्येच तोडतो, कुणाची सूचना ऐकू न आल्यासारखी करतो, हे तिथेच दिसतं. बिल कँपबेल तेच करायचा. हा कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच, तोही जिंकल्यापेक्षा कितीतरी जास्त सामने हरलेला. पुढे सिलिकॉन व्हॅलीत स्टीव्ह जॉब्ज आणि एरिक श्मिट यांच्यासारखे लोक त्याचा सल्ला घेत. गूगलच्या साप्ताहिक बैठकीत तो स्वतः बसायचा. मार्शल गोल्डस्मिथनं दुसरी वाट काढली: बदल झाला की नाही हे सहकाऱ्यांना विचारायचं, आणि त्यांनी 'नाही' म्हटलं तर फी घ्यायची नाही. संघटित कोचिंगनं या दोघांचं कौतुक भरपूर केलं. पण बघणं हा नियम काही झाला नाही.

मुंबईच्या वाचकाला बघण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शिवाजी पार्कवर पहिल्या चाचणीत सचिन बुजला, तेव्हा अजित तेंडुलकरनं आचरेकर सरांना विनंती केली, की निघून गेल्यासारखं करा आणि झाडाआडून बघा. सरांनी ऐकलं. बघणाऱ्याच्या नजरेनंच खेळणारा बिघडू शकतो, ही खरी अडचण आहे. ती सोडवायची युक्ती मात्र मैदान सोडून चर्चगेटला जाऊन त्याला प्रश्न विचारण्याची नव्हती.

बघितलं की सगळं सुटतं, असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत गावंडेंच्या संस्थेनं दीड लाखाहून अधिक बाळंतपणांवर प्रयोग केला. प्रशिक्षित परिचारिका कोच म्हणून प्रसूतिगृहात उभ्या राहून बघत: हात धुतले का, रक्तदाब मोजला का, बाळ आईच्या अंगाशी दिलं का. निष्कर्ष २०१७मध्ये आले. कोच असताना आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या. कोच नसलेल्या केंद्रांत ४२. कोचिंग थांबल्यावर काही महिन्यांत ७३चे ६२ झाले. आणि माता-बालकांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. सवय बदलली, पण बाई अत्यवस्थ झाल्यावर रक्त, सर्जन आणि मोठं रुग्णालय वेळेवर मिळणं हे सवयीच्या हातात नसतं.

आपल्या कंपन्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा. हिंजवडीत किंवा ऐरोलीत एखाद्या टीम लीडला 'कोच दिला' जातो, तेव्हा कित्येकदा दुखणं त्याच्या स्वभावात नसतंच. दोन माणसांचं काम एकाला दिलेलं असतं, किंवा अमेरिकेतल्या क्लायंटच्या वेळेमुळे त्याची रात्र कापली गेलेली असते. त्याला सहा सत्रं दिली की एचआरच्या एक्सेलमध्ये एक रकाना हिरवा होतो. पैसे कंपनी देते, मन मोकळं करायचं कर्मचाऱ्यानं. आचारसंहितेत अशील आणि प्रायोजक वेगळे आहेत, गोपनीयतेचं कलम आहे. तरी कॅन्टीनमध्ये एचआरवाली सहज विचारते, "कसं चाललंय हो त्याचं?" आणि कोच काय उत्तर देतो, याचं रेकॉर्डिंग नसतं. शिवाय सगळा संवाद इंग्रजीत. लातूरहून आलेला मुलगा ध्येय आणि पर्याय इंग्रजीत छान सांगतो. साहेबाबद्दलचा राग मात्र त्याला मराठीतच येतो. तो राग येतो तेव्हा तो म्हणतो, "सर, तुम्हीच सांगा ना, मी काय करू?" साठ तासांच्या प्रशिक्षणानं सरांना सांगितलेलं असतं, की सांगायचं नाही.

दरम्यान यंत्र दाराशी येऊन उभं आहे. स्टेलेनबॉश विद्यापीठातल्या निकी टेरब्लांश यांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ठरवलेलं ध्येय गाठण्याच्या बाबतीत एक साधा चॅटबॉट मानवी कोचच्या जवळपास बरोबरीत आला. आश्चर्य वाटायला नको. एका वेळी एकच मोकळा प्रश्न, सल्ला नाही, घाई नाही: हे यंत्राला सोपं आहे. २०२४मध्ये आयसीएफनं यंत्र-कोचसाठीही मानकं काढली.

पण यंत्राला आणखी एक जमतं, आणि त्याची चर्चा कमी होते. बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते आधीच बसलेलं आहे. कोण किती मिनिटं बोललं, कुणी कुणाला तोडलं, हे त्याला मोजता येतं. माणूस-कोचनं सोडून दिलेलं बघण्याचं काम ते न सांगता करू लागेल, आणि वहीचं पान भरून दाखवील. ऑस्टीननं आपली वही फक्त गावंडेंना दाखवली होती. ही वही कंपनीच्या सर्व्हरवर असेल, आणि ती उघडायचा पासवर्ड टीम लीडकडे नसेल.