समाधान या शब्दाचे दोन अर्थ

धर्मग्रंथ आणि संतकाव्य यांच्या वाचनाने सुख लाभते ही समजूत महाराष्ट्रात इतकी रुजलेली आहे की ते सुख नेमके कशामुळे लाभते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पारायण पूर्ण होते, फलश्रुती म्हणजे ग्रंथवाचनाचे फळ सांगणारा भाग वाचला जातो, प्रसाद वाटला जातो आणि ग्रंथ पुन्हा वस्त्रात बांधून ठेवला जातो. या श्रद्धेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जी ग्रंथपरंपरा वाढली तिने वाचकाकडून याहून पुष्कळ अधिक मागितले होते, आणि त्या मागणीचा विसर पडल्यामुळेच वाचन उदंड होऊनही मन जिथल्या तिथे राहते.

या परंपरेने सुखापेक्षा ‘समाधान’ हा शब्द अधिक जवळचा मानला. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मनाची तृप्त, स्थिर अवस्था हा एक. आणि ‘शंकासमाधान’ या जोडशब्दात दिसतो तो, म्हणजे मनातील संशयाला मिळालेले उत्तर, हा दुसरा. हे दोन अर्थ एका शब्दात योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. संशय न फिटता आलेली तृप्ती टिकत नाही आणि मन निवत नाही असे उत्तर निरुपयोगी असते, ही जाण त्यांच्या एकत्र नांदण्यामागे आहे.

समर्थ रामदासांचा (१६०८–१६८२) ‘दासबोध’ याची साक्ष देतो. चाफळ आणि सज्जनगड ही सातारा जिल्ह्यातील दोन स्थाने समर्थांच्या उत्तरायुष्याशी निगडित आहेत. चाफळला त्यांनी राममंदिर उभारले आणि सज्जनगडावर देह ठेवला. वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास, अशा दोनशे समासांचा हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात मांडलेला आहे. त्यात श्रोता वारंवार आशंका घेतो, म्हणजे अडलेला मुद्दा पुढे करतो, आणि वक्त्याला थांबून तिचे निरसन करावे लागते. ‘प्रचीती’ म्हणजे स्वतःच्या अनुभवाने पटलेली खूण. तिच्यावाचून बोललेले ज्ञान समर्थ पोकळ मानतात. ज्याच्या श्रवणाने वैराग्य, विवेक किंवा भक्ती यांपैकी काहीच उपजत नाही, त्याला ग्रंथ म्हणण्यासही त्यांची तयारी नाही.

काव्याबद्दलही त्यांची कसोटी हीच आहे. चौदाव्या दशकात ते कवित्वाचे तीन प्रकार सांगतात: मनाला येईल ते बळेच जुळवलेले ते ढीठ, पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्या अनुकरणाने रचलेले ते पाठ, आणि ईश्वरभक्तीने भरलेल्या अंतःकरणातून सहज उमटलेले ते प्रासादिक. हे वर्गीकरण कवींचे असले तरी ते वाचकांनाही लावून पाहण्याजोगे आहे. ओवीतून आपल्याला हवा तोच अर्थ ओढून काढणारा वाचक ढीठ होय, आणि शेकडो ओव्या मुखोद्गत असूनही त्यांतील एकीनेही ज्याच्या वागण्यात फरक पडलेला नाही, तो पाठ वाचक होय. महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रकारच्या वाचकांची कधीही वाण पडलेली नाही.

वाचकाची समर्थांना किती काळजी होती, हे एकोणिसाव्या दशकातील लेखनक्रियेच्या समासात अगदी जवळून दिसते. अक्षर वाटोळे, सरळ आणि सुटे असावे, ओळी एकमेकींना भिडू नयेत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वळण एकच राहावे, हे तर ते सांगतातच. पण तरुणपणी लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी वाचता येत नाही म्हणून ते मध्यम आकाराचे ठेवावे, आणि कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जातात. ब्रह्मज्ञान सांगणारा ग्रंथ समासाची कोरी जागा किती सोडावी याचाही विचार करतो, कारण तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा उघडला जाणार आहे, हे त्याने गृहीत धरलेले असते.

या मागणीला सर्वांत उत्कट प्रतिसाद मिरजेच्या वेणाबाईंनी दिला. परंपरा सांगते की लहान वयात वैधव्य आलेल्या वेणाबाई ‘एकनाथी भागवत’ वाचत असत, आणि भिक्षेला आलेल्या समर्थांनी वाचलेले समजते का, असे विचारताच त्यांनी मनात साठलेल्या शंका त्यांच्यापुढे मांडल्या. या कथेचा तपशील कसाही असो, तिने जपलेले मर्म महत्त्वाचे आहे. ज्या काळात विधवेला माजघराबाहेर जागा नव्हती, त्या काळात ग्रंथ हा वेणाबाईंचा केवळ विरंगुळा राहिला नाही, तर प्रश्न विचारण्याचा अधिकार झाला. पुढे त्यांनी ‘सीतास्वयंवर’ रचले, त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या आणि मिरजेच्या मठाच्या अधिकारी झाल्या. समाधानाचे दोन्ही अर्थ त्यांच्या आयुष्यात एकवटलेले दिसतात.

या विवेचनावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. माण तालुक्यातील गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) यांनी समाधानाचा मार्ग म्हणून रामनाम सांगितले, शंकांची चर्चा नव्हे. अवर्षणाने पिचलेल्या त्या मुलखातील कष्टकऱ्याला समासांचा अर्थ लावत बसण्याची सवड कुठली, हा प्रश्न खराच आहे. परंतु नाम घेऊन पाहा आणि अनुभव घ्या, हे सांगणेही प्रचीतीचेच आवाहन आहे. तिथे संशयाला उत्तर शब्दाने मिळत नाही, तर सरावाने संशयाची धारच बोथट होत जाते. दोन वाटा वेगळ्या असल्या तरी न अनुभवता मानणे दोन्हींना अमान्य आहे.

जत तालुक्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज यांच्या शिष्यशाखेत या दोन वाटा एकत्र आल्या. त्यांच्याकडून १९०१ मध्ये नाम घेतलेले रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६–१९५७) पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही त्यांनी अध्यापन केले. ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या १९३३ च्या ग्रंथात त्यांनी संतांची वाणी अलंकारासाठी नव्हे, तर साक्षात्काराची, म्हणजे ईश्वराच्या प्रत्यक्ष अनुभवाची, साक्ष म्हणून तपासली. याच परंपरेतील सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईच्या खेतवाडीत जिज्ञासूंशी मराठीत बोलत राहिले, आणि त्या बोलण्यातून सिद्ध झालेले ‘आय ॲम दॅट’ हे जगभर वाचले गेलेले पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत प्रश्नोत्तरांचेच आहे.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेने हीच वृत्ती शास्त्रग्रंथांकडे वळवली. नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ तेथे तरुण विनोबांनी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे अभ्यासली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी त्याच शास्त्रांच्या आधारे अस्पृश्यतेच्या विरोधात युक्तिवाद केला. ग्रंथाला प्रश्न विचारणारा माणूस अखेर समाजालाही प्रश्न विचारतो, आणि म्हणूनच या मार्गाने येणारे समाधान निव्वळ खाजगी राहत नाही.

आज गावोगावी सप्ताह होतात, मंडप भरतात, ध्वनिक्षेपकावरून ओव्या शिवारापर्यंत पोहोचतात. त्या सात दिवसांतील एक तास, फक्त एक, श्रोत्यांच्या शंकांसाठी राखून ठेवावा, आणि पहिली शंका मागे बसलेल्या बायांना विचारू द्यावी, एवढी विनंती सप्ताह भरवणाऱ्या मंडळींना करावीशी वाटते.